सही तीच, हँगर दोन

सेसना १७२ च्या इंजिनात चार सिलिंडर असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. शंभर तासांच्या तपासणीसाठी हे विमान हँगरमध्ये आले की मेकॅनिक प्लग काढतो, एकेका सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडतो आणि किती दाब टिकतो ते पाहतो. टिकला नाही तर कान लावून ऐकतो. फुसफुस एक्झॉस्टमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे. तेल भरायच्या नळीतून येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तेलाचा फिल्टर कापून, आतला कागद उलगडून धातूचे कण शोधणाराही तोच. सिलिंडर उतरवायची वेळ आली तर बहुधा पाना त्याच्याच हातात असतो.

बारामती, धुळे, गोंदिया इथे वैमानिक घडवले जातात. अशा ठिकाणची छोटी विमाने दिवसभर शिकाऊ हातांत असतात. कोणी पुढचे चाक आधी टेकवतो आणि इंजिनामागची फायरवॉल चेपते. कोणी ब्रेक दाबून धरतो आणि टायर एकाच जागी घासून सपाट होतो. कोणी मिश्रण गरजेपेक्षा जास्त इंधनाचे ठेवतो, मग ॲव्हगॅसमधले शिसे प्लगवर साचते आणि धावपट्टीच्या तोंडाशी मॅग्नेटो तपासताना इंजिन अडखळते. सकाळी परत आलेले विमान दुपारी पुन्हा उडायचे असते. मेकॅनिकला चाक, पत्रा, इंजिन, वायरिंग सगळ्यांत हात घालावा लागतो आणि वर्षभरात यंत्र आरपार समजू लागते.

विमान कंपनीतला दिवस रात्री सुरू होतो. विमाने दिवसा पैसे कमावतात, त्यामुळे देखभालीला रात्रच मिळते. शेवटची फेरी संपवून एअरबस ए३२० उभे राहते. वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिलेला असतो आणि पहाटेचे उड्डाण ठरलेले असते. इथे कान लावून भागत नाही. विमानाचा संगणक बिघाडाचा संदेश देतो, इंजिनिअर मॅन्युअलमधल्या पायऱ्यांनी मूळ शोधतो, सदोष सुटा भाग बदलतो, चाचणी घेतो. भाग मिळाला नाही तर तो बिघाड ठेवून उडता येते का, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हे ठरलेल्या यादीत बघतो. त्या यादीत मुभा नसेल तर विमान जमिनीवरच राहते.

इंजिन मात्र तो खोलत नाही. बोरस्कोपने आतली पाती तपासतो आणि गरज पडली तर अख्खे इंजिन उतरवून शॉपला पाठवतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या काही इंजिनांमध्ये सदोष धातूच्या भुकटीपासून बनलेल्या चकत्या असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, तेव्हा इंडिगोची डझनावारी विमाने इंजिनांअभावी उभी राहिली. हँगरमधल्या कुशल माणसांना त्यावर करण्यासारखे फारसे काही नव्हते.

नागपूरच्या मिहानसारख्या ठिकाणी मोठी तपासणी चालते तेव्हा काम आणखी विभागले जाते. खुर्च्या, पॅनेल, जमिनीच्या फळ्या निघतात, शेकडो टास्क कार्डे वाटली जातात आणि एखादा टेक्निशियन कितीतरी दिवस एकाच कार्गो होल्डमध्ये गंज शोधत बसतो. छोट्या विमानाकडून आलेल्याला हे कोंडल्यासारखे वाटते. पण या कागदी शिस्तीला कमी लेखू नये. ती नसली तर जीवावर बेतते.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघाले. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळली आणि तो कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले. कॅप्टनसह सगळे वाचले. ती काच २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. माणसे कमी होती म्हणून पाळीच्या प्रमुखाने काम स्वतःच केले, जुन्या बोल्टशी नवे नजरेने जुळवले. ९० पैकी ८४ बोल्ट एका आकाराने बारीक निघाले. काच बसवण्याचे काम दुसऱ्याने तपासावे, असा नियमच नव्हता. अनुभवी डोळ्यावरचा विश्वास इथे नडला.

म्हणूनच एकेकट्याने काम करणाऱ्या छोट्या हँगरला मोठ्या हँगरची ही शिस्त हवी. आणि मोठ्या हँगरमधल्या तरुणाला सिलिंडरची फुसफुस ओळखणारा कान हवा. दोन्ही एकाच माणसाला मिळणे आपल्याकडे अवघड आहे. अमेरिकेत एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटचा एकच परवाना सेसनालाही चालतो आणि बोइंगलाही. भारतात परवान्याची वाट सुरुवातीलाच उपश्रेणींमध्ये फुटते. टर्बाइन विमानांसाठी बी १.१, पिस्टन विमानांसाठी बी १.२, इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी बी २. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर बी १.१ साठी दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, बी १.२ साठी एक वर्षाचा. ए३२० वर सही करायची तर त्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे.

पगार, बढती आणि परदेशातल्या संधी विमान कंपन्यांकडे जास्त आहेत. त्यामुळे बी १.१ निवडणारा विद्यार्थी चुकत नाही. पण त्याला काही महिने तरी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये काम करायला मिळाले पाहिजे, आणि प्रशिक्षण संस्थांनी ही सोय स्वतःहून करावी. बी १.२ वाल्यानेही आपले काम दुय्यम मानू नये. विमान सोडताना त्याने केलेल्या सहीला कायद्याने तितकाच अर्थ आहे, आणि आत बहुधा एकट्याने उडायला नुकताच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असते.

बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांनी फी भरण्याआधी संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारावेत: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता नेमक्या कोणत्या उपश्रेणीसाठी आहे, आणि प्रत्यक्ष काम कोणाच्या हँगरमध्ये, कोणत्या विमानावर करायला मिळणार आहे. दोन्ही उत्तरे लेखी घ्यावीत.