जुनी पिकअप घेण्यापूर्वी काय पाहाल?

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत कापडाचा लहान धंदा करणाऱ्याला पहिली गाडी बहुधा जुनीच परवडते. गाठी नेण्या-आणण्याचे भाडे वाढत जाते आणि एक दिवस माणूस हिशेब मांडतो की, इतक्या भाड्यात तर स्वतःची गाडी होईल. आता त्यात नवा शौकही मिसळला आहे. तरुण मुलांना पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, जीपच्या तोंडाची पिकअप हवी असते. तिला झगझगीत रंग द्यायचा आणि फाळक्यावर दुकानाचे नाव लिहायचे. गेल्या महिन्यात माझा भाचा अशाच एका गाडीचा बयाणा द्यायला निघाला होता. "मामू, व्हिंटेज गाडी आहे, हातची जाईल," म्हणाला. मी म्हटले, "बेटा, बयाणा खिशात ठेव. आधी मला गाडी दाखव."

हा व्हिंटेज शब्द दलाल मंडळी सध्या सढळ हाताने वापरतात. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. त्यात पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा खाजगी चारचाकी बसते. अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही, आणि मालवाहू गाडीला तर ती सवलतच नाही. तेव्हा १९९५ ची पिकअप ही व्हिंटेज नव्हे, नुसती जुनी गाडी. भाव करताना ती जुनी म्हणूनच करावा.

माझा स्वतःचा तजुर्बा सांगतो. १९९९ साली एका दलालामार्फत मी जुनी पिकअप घेतली. इंजिन उत्तम, टायर नवे, भावही बेताचा. कागदावर एका फायनान्स पेढीचा बोजा होता. विकणारा म्हणाला, "हप्ते फिटले आहेत, दोन दिवसांत दाखला आणून देतो." मी शब्दावर पूर्ण रक्कम मोजली. डिसेंबरात, ऐन रमजानच्या दिवसांत, ईदच्या साड्यांच्या गाठी भरून गाडी नाशिककडे निघाली असता चांदवडच्या अलीकडे वसुलीच्या माणसांनी ती अडवली. अनेक हप्ते थकलेले होते. गाठी एका ढाब्याच्या अंगणात उतरवल्या, मी रात्रभर थंडीत त्यांच्यावर बसून राहिलो. दुसरी गाडी मिळून माल पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले आणि तिकडच्या व्यापाऱ्याने भाव पाडला. विकणारा पुन्हा भेटला नाही. गाडी सोडवायला उरलेले हप्ते मीच भरले.

म्हणून मी बॉनेट उघडण्याआधी कागद उघडतो. नोंदणी पुस्तकावर बोजा असेल तर बँकेचे किंवा पेढीचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, आणि आरटीओच्या दप्तरातून बोजा उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये. आता एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, फिटनेस, विमा यांच्या तारखा दिसतात, ई-चलनाची बाकीही तपासता येते. आमच्या वेळी ही सोय असती तर ती रात्र वाचली असती.

मग चेसिस आणि इंजिनचा नंबर. जागा गाडीगणिक वेगळी असते. मिस्त्रीला विचारून तेथला गंज-ग्रीस पुसावा, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. आकडे वाकडेतिकडे असतील, तेवढ्याच जागी पत्रा घासलेला किंवा रंग ताजा असेल तर सरळ घरी यावे. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही, पण त्याची नोंद पुस्तकात हवी.

जीपच्या तोंडाच्या गाड्यांत एक गोष्ट फार आढळते. मूळची प्रवासी जीप असते आणि कोणी तरी मागचा भाग कापून हौदा बसवलेला असतो. पुस्तकात मात्र ती अजून प्रवासी गाडीच. आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. अशी गाडी फिटनेसला उभी राहणार नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळेल. पुस्तकात एकूण वजनही पाहावे. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परवाना लागत नाही, फिटनेस मात्र लागतेच. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ती दरवर्षी करावी लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांची फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून कित्येक पटीने वाढली आणि त्यानंतरही बदलली, तेव्हा आजचा आकडा आरटीओत विचारूनच हिशेब धरावा. पर्यावरण कराची बाकी असेल तर तीही. परराज्यातली स्वस्त गाडी असेल तर तिकडच्या आरटीओचा फॉर्म २८ नसताना ती आपल्याकडे चढत नाही. दिल्लीत २०१५ साली हरित लवादाने दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकायला येऊ लागल्या, त्यांच्या बाबतीत हे विशेष पाहावे.

आता गाडी. पाहायला सकाळी लवकर जावे आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावे की इंजिन सुरू करू नका. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागले तर समजावे की थंड इंजिन सहज सुरू होत नसावे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून आत पाहावे, तेलाची पट्टी ओढावी. तेल दुधट असेल तर पाणी आत जाते आहे. सुरू केल्यावर पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर हेडचे काम निघाले. धुराची भाषा मिस्त्री लोक बरोबर सांगतात. निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त पडते किंवा हवा कमी मिळते, ते पंप-नोझलच्या किंवा एअर फिल्टरच्या कामात सुटू शकते. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतो, पण गरम झाल्यावरही राहिला तर संशय धरावा. चालू इंजिनवर तेल भरायचे झाकण उघडावे. तेथून भकाभक वाफ येत असेल तर रिंग-पिस्टन गेले, आणि तो खर्च मोठा.

इंजिन बांधून घेता येते, वाकलेली चेसिस मात्र जन्माची डोकेदुखी. चटई टाकून खाली शिरावे. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांखाली वेल्डिंगचे डाग, चिरा, जाड गंज शोधावा. ताजा काळा रंग फासलेला असेल तर तेथेच जास्त पाहावे. कोऱ्या कापडाचा ऐब आपण ताका उजेडासमोर धरून शोधतो, तशी येथे बॅटरी हवी. दारांवर, मडगार्डवर चिंधीत गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जेथे धरत नाही तेथे पत्रा नसून लांबी आहे. नंतर गाडी सरळ रस्त्यावर चालवायला लावून आपण मागून मोटारसायकलवर जावे. गाडी तिरकी चालताना दिसली, किंवा ओल्या जमिनीवरून जाताना मागच्या चाकांचे ठसे एका बाजूला सरकलेले दिसले तर चेसिस किंवा एक्सल सरळ नाही. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले की किंगपिन आणि बेअरिंगची ढिलाई हाताला कळते. ब्रेक, क्लच, गिअर यांची परीक्षा रिकाम्या गाडीवर घेऊ नये. चार गाठी टाकाव्यात आणि चढावर न्यावी.

आपल्या धंद्याला एक जास्तीची गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे गाडीने आजवर काय वाहिले. मासळी किंवा मिठाची गाडी आतून गंजलेली असते आणि तिचा वास साडीला लागतो. कांद्याच्या गाडीचा वासही लवकर जात नाही. हौद्याच्या तळाला वर आलेले खिळे, तेलाचे डाग, ताडपत्रीची भोके हे सगळे आपल्या ताग्यावर उमटते.

व्यवहार ठरलाच तर इसार पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. फॉर्म २९ आणि ३० वर सही आपल्यासमोर व्हावी. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा.

भाच्याने पाहिलेली गाडी आम्ही उस्तादांना घेऊन जाऊन पाहिली. रंग खरोखर देखणा होता. चेसिसच्या नंबराची छाप घेतली तर मधला एक आकडा पुस्तकाशी जुळेना. मालक म्हणाला, टाइप करताना चूक झाली असेल. तसेच असेल, तर दुरुस्ती करून घ्या, मग बोलू, असे सांगून आम्ही चहा पिऊन परतलो. त्याला तीन आठवडे झाले, मालकाचा फोन नाही. भाचा दोन दिवस रुसून होता. आता मनमाडला एक गाडी आहे असे कळले आहे. पांढरीफटक, फाळका मोडका, पण पहिल्याच मालकाची. रविवारी सकाळी सहाला निघायचे ठरले आहे आणि चुंबक त्याने आताच खिशात टाकले आहे.