पोटातल्या पिल्लाची घाण जाते कुठे?

बहुतेक किडे अंडी घालतात. अंड्यातल्या जीवाची घाण अंड्यातच साठते. पण काही किड्यांना थेट पिल्ले होतात. मग पोटातल्या पोराने केलेल्या घाणीचे काय? माणसाच्या बाळाला नाळ असते. बाळाच्या रक्तातली घाण आईच्या रक्तात उतरते आणि आईचे मूत्रपिंड ती बाहेर टाकते. मी ज्या दोन किड्यांबद्दल बोलतो आहे, त्यांना नाळ नाही.

पहिला किडा आमच्या जानेफळच्या गोठ्यातला. गाईच्या शेपटीखाली बसणारी ती चपटी, चिवट माशी. आम्ही तिला गोमाशी म्हणतो. तिच्या पोटात एका वेळी एकच अळी वाढते आणि आईच्या ग्रंथींतून पाझरणारे दूध पिते. आफ्रिकेतली त्सेत्से माशी ही तिची चुलतबहीण. तिच्यावर शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तिची अळी पोटात असेपर्यंत घाण बाहेर टाकतच नाही. मागच्या आतड्यात ती साठवून ठेवते आणि जन्मल्यावर मोकळी होते. आईचे घर स्वच्छ राहते.

दुसरा किडा करडईवरचा मावा. त्याची मादी नराशिवाय पिल्ले देते, आणि पोटातल्या पिल्लांच्या पोटातही पुढची पिढी वाढू लागलेली असते. इतर किड्यांत मूत्रपिंडाचे काम करणाऱ्या बारीक नळ्या माव्याला नाहीत. पण त्याच्या शरीरात जिवाणू राहतात. आई ते पोटातल्या पिल्लांनाही देते. टाकाऊ अमोनियापासून मावा आणि हे जिवाणू मिळून पुन्हा उपयोगी अमिनो आम्ले तयार करतात. झाडाच्या रसातली जास्तीची साखर मात्र मावा मागून टाकतो. पानावरचा चिकटा तो हाच. त्यासाठीच मुंगळे रांग लावतात.

एक घाण धरून ठेवतो, दुसरा ती पुन्हा कामाला लावतो. हे कळले तेव्हा मला माझीच एक चूक कळली.

माझी अम्मी दरवर्षी गोठ्याच्या भिंतींच्या भेगा शेणमातीने बुजवायची. ती गेल्यावर मी ते सोडून दिले. गोमाश्या वाढल्या, वासरू रात्रभर पाय आपटू लागले, गाय दुधाला कमी झाली. मी गाईच्या अंगावर औषध मारले. माश्या गेल्या आणि काही दिवसांनी परत आल्या.

कारण गोमाशीची अळी गाईच्या अंगावर वाढतच नाही. तिचे सारे खाणेपिणे आईच्या पोटातच उरकलेले असते. जन्मल्यावर ती काही खात नाही. भिंतीच्या भेगेत, कोरड्या मातीत पडते, काळी टणक होते आणि पुढे माशी होऊन उडते. अंगावरचे औषध तिथे पोचणार कसे?

अम्मीला शाळेचे तोंड माहीत नव्हते. मी बी.ए. झालो, कविता लिहितो. पण भेगा कुठे बुजवायच्या, ते तिला ठाऊक होते. यंदा मी पुन्हा शेणमाती कालवली आहे.