हातचाकाच्या यंत्रास संगणकाची जोड

पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडास पावसाळ्याचा अर्थ इतर गांवांहून निराळा कळतो. श्रावणांत पर्लकोटा फुगावी, आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्यावरील पूल पाण्याखालीं जावा आणि गांवाचा बाहेरच्या जगाशीं संबंध कांहीं दिवस तुटावा, हा प्रकार तेथें वर्षानुवर्षें घडत आला आहे. अशा दिवसांत हातपंपाचा एखादा बुश झिजला किंवा भात भरडण्याच्या गिरणीची फ्लँज फुटली, तर ती वस्तु क्षुल्लक असली तरी तिची वाट पाहणें क्षुल्लक नसतें. शेजारच्या एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचा डोंगर लोहखनिजानें भरलेला आहे. पण तळहातावर मावेल एवढा सुटा भाग मात्र चंद्रपुराहून नाहीं तर नागपुराहून यावयाचा!

असा भाग घरच्या घरीं घडविण्याचें साधन म्हणजे लेथ आणि मिलिंग मशीन. लेथवर काम फिरतें आणि हत्यार स्थिर राहतें. मिलिंग मशीनवर हत्यार फिरतें आणि मेजावर घट्ट बसविलेलें काम त्याच्या खालून सरकतें. हें सरकणें तीन दिशांनीं होतें: डावी-उजवीकडे, पुढें-मागें आणि वर-खालीं. प्रत्येक दिशेस एक लांब स्क्रू, स्क्रूच्या टोकास एक हातचाक आणि हातचाकावर आंकड्यांची तबकडी असते. टेबलावर ठेवतां येतील अशीं लहान मिलिंग यंत्रें अलीकडे हौशी कारागिरांच्या घरांत दिसूं लागलीं आहेत. त्यांचीं हातचाकें काढून तेथें विजेच्या मोटरी बसवाव्या आणि त्या मोटरी संगणकाच्या आज्ञेनें फिरवाव्या, हा उद्योग त्यांतील पुष्कळजण करतात. तो कसा केला जातो, आणि भामरागडासारख्या ठिकाणीं करावयाचा तर कोठें सांभाळावें लागेल, एवढाच येथील विषय आहे.

हातानें काम होत असतां संगणक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एका फ्लँजचें उदाहरण घ्यावें. तिच्यावर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतरानें सहा भोकें पाडावयाचीं आहेत. पहिलें भोक केंद्रापासून उजवीकडे ५० मि.मी. वर आलें. दुसरें ६० अंशांवर. म्हणजे उजवीकडे २५ आणि पुढें ४३.३०१ मि.मी. मॅट्रिकच्या वर्गांत त्रिकोणमितीचा कंटाळा करणाऱ्यांस ती येथें गांठते. आतां यंत्राचा स्क्रू एका फेऱ्यास २ मि.मी. सरकत असेल, तर कारागिरानें हातचाकाचे २१ पूर्ण फेरे मोजावयाचे आणि वर तबकडीवर १.३०१ मि.मी. घ्यावयाचे. सतराव्या फेऱ्याला दारांतून कोणी हांक मारली कीं मोजणी चुकली आणि फ्लँज वाया गेली. हें एका भोकाचें झालें. वक्र कडा कोरावयाची असेल तर दोन चाकें एकाच वेळीं, प्रत्येक क्षणीं बदलणाऱ्या प्रमाणांत फिरवावीं लागतात, आणि तें मनुष्याच्या दोन हातांना साधत नाहीं.

नेमकी हीच अडचण अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत जॉन पार्सन्स याला हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामांत आली. त्यानें पात्याच्या वक्ररेषेवरील बिंदु सच्छिद्र पत्रिकांवर चालणाऱ्या गणनयंत्राकडून काढून घेतले. मग एकानें आंकडे वाचावे आणि दुसऱ्यांनीं एकेक चाक त्या आंकड्यावर आणावें, अशी रीत बसविली. आंकडे यंत्रानेंच वाचावे आणि चाकेंहि त्यानेंच फिरवावीं, ही पुढची पायरी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत १९५२ सालीं प्रत्यक्षांत उतरली. त्या वेळीं नियंत्रणासाठीं लागलेलें निर्वात नळ्यांचें कपाट मूळ यंत्राहून लहान नव्हतें. आज तेंच काम अंगठ्याच्या नखाएवढी चीप करते.

या रूपांतराचा प्राण म्हणजे स्टेपर मोटर. साधी मोटर वीज दिली कीं फिरतच राहते. स्टेपर मोटर विजेच्या प्रत्येक स्पंदासरशी एक पाऊल टाकून थांबते. घरगुती कामांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मोटरींच्या एका फेऱ्याचीं २०० पावलें असतात. अर्थात् एक पाऊल १.८ अंशांचें. ती मोटर एका फेऱ्यास ५ मि.मी. सरकविणाऱ्या स्क्रूला जोडली, तर एका पावलास मेज ०.०२५ मि.मी. हलेल. ड्रायव्हर नांवाची जी पेटी मोटरीला वीज पुरविते, ती एका पावलाचे आठ भाग पाडूं शकते. मग फेऱ्यास १६०० आणि मिलिमीटरला ३२० स्पंद होतात. हा ३२० चा आंकडा नियंत्रकांत लिहून ठेवला कीं १० मि.मी. म्हणजे ३,२०० स्पंद, हा हिशेब तो आपण होऊन करतो. मात्र पावलाचे आठ भाग पाडल्यानें यंत्र आठपट अचूक झालें असें समजणें ही नवशिक्याची चूक होय. त्यानें चाल गुळगुळीत होते, इतकेंच.

या मोटरीचा एक दोष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वेग वाढवावा तसें तिचें बळ घटतें. कटर बोथट झाला, किंवा घाई करून खोल कांप घेतला, तर मोटर अडखळते आणि कांहीं पावलें चुकतात. परंतु संगणकाला त्याचा पत्ता नसतो, कारण तो स्पंद पाठवितो, मेज कोठें आहे हें पाहत नाहीं. आंधळ्यानें पावलें मोजीत घर गांठावें तसा हा व्यवहार. मध्येंच कोणी धक्का दिला तर मोजणी बरोबर राहते आणि दार मात्र चुकतें. मोटरीचें फिरणें उलट कळविणारीं महागडीं साधनें मिळतात; पण प्रारंभीं त्यांच्या मागें लागण्यापेक्षां वेग निम्म्यावर आणणें स्वस्त पडतें.

आतां या कामांतील खरा अवघड भाग. पुष्कळांचा समज असा कीं मोटरी आणि संगणक जोडले कीं रूपांतर झालें. वस्तुतः जुन्या स्क्रूचा प्ले काढणें हें निम्म्याहून अधिक काम आहे. साध्या स्क्रूच्या आणि त्याच्या नटाच्या दांत्यांमध्यें थोडी फट असते. हातचाक एका दिशेनें फिरवून मग उलट फिरवावें, तर आरंभीं चाक फिरतें पण मेज हलत नाहीं. फट भरून निघाली कीं मगच तें हलूं लागतें. मुरलेला कारागीर हें जाणून प्रत्येक माप एकाच बाजूनें गांठतो, पुढें गेलाच तर बराच मागें येऊन पुन्हां त्या मापावर येतो. संगणकाला ही जाण नाहीं. फट ०.२ मि.मी. ची असेल आणि त्यास वर्तुळ कोरावयास सांगितलें, तर वर्तुळाच्या वर, खालीं, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार ठिकाणीं खोंच उमटते. कारण त्याच चार बिंदूंवर एकेक स्क्रू आपली दिशा उलटवितो. कोरलेल्या वर्तुळाकडे पाहून यंत्राचा रोग सांगतां येतो तो असा.

दुसरें असें कीं कटर ज्या दिशेनें फिरतो त्याच दिशेनें काम पुढें सरकविलें, तर फट असलेल्या यंत्रावर कटर मेजाला आपल्याकडे हिसका देऊन ओढतो. कटर मोडतो, काम वाइसमधून निसटतें, आणि जवळ उभा असलेल्याच्या डोळ्यांचें रक्षण केवळ चष्म्यावर राहतें.

यावर उपाय बॉलस्क्रूचा. त्यांत स्क्रू आणि नट एकमेकांवर घांसत नाहींत. मध्यें पोलादी गोळ्यांची मालिका फिरत असते, त्यामुळें फट जवळजवळ नाहींशी होते आणि मोटरीवरचा भारहि हलका होतो. १६ मि.मी. व्यासाचा आणि ५ मि.मी. चालीचा बॉलस्क्रू या कामीं सर्रास वापरतात. तो बसविण्यास मेजाखालचा भाग थोडा कोरावा लागतो. हें कोरणें त्याच यंत्रावर, तें हातचाकाचें असतांनाच, आधीं उरकून घेतात. स्क्रू व मोटर एका रेषेंत न आल्यास कपलिंग कितीहि लवचीक असलें तरी बेअरिंग कुरकुरूं लागतें; म्हणून डायल गेज लावून ती रेष तपासण्यांत एक अख्खा दिवस गेला तरी तो वाया गेला असें मानूं नये.

नियंत्रणाची बाजू त्या मानानें सोपी आहे. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत तयार झालेल्या नियंत्रकाच्या मुळावरून लिनक्स-सीएनसी हा कार्यक्रम वाढला आणि तो मोफत मिळतो. याहून लहान साधन हवें तर आर्डुइनोच्या पाटीवर चालणारा जीआरबीएल हा कार्यक्रम आहे. तो २००९ मध्यें नॉर्वेंत जन्मला आणि तोहि मोफत आहे. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा म्हणजे अक्षर आणि आंकडा यांची एक आटोपशीर भाषाच आहे. ‘जी ० एक्स २५ वाय ४३.३०१’ असें लिहिलें कीं मेज त्वरेनें दुसऱ्या भोकाच्या जागीं येतें. ‘जी १ झेड -८ एफ ६०’ म्हटलें कीं कटर मिनिटास ६० मि.मी. या संथ चालीनें ८ मि.मी. खोल उतरतो. उणे चिन्ह विसरलें तर कटर वर जातो; नको तेथें पडलें तर वाइसमध्यें घुसतो. यास्तव प्रत्येक नवी आज्ञावली पहिल्यानें कामाच्या वर, हवेंतच चालवून पाहण्याचा प्रघात आहे.

भामरागडाचा प्रश्न येतो तो विजेपाशीं. जंगलांतून आलेल्या तारांवर वादळांत झाड पडलें कीं वीज जाते, आणि ती जाण्यास कामाची वेळ पाहत नाहीं. संगणकाला यूपीएस जोडला म्हणजे झालें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण तसें करणें न करण्याहून वाईट. मोटरींची वीज जाऊन संगणक मात्र जिवंत राहिला, तर तो स्पंद पाठवीतच राहतो आणि न हललेलें मेज आपल्या समजुतीनें कोठल्या कोठें नेऊन ठेवतो. वीज परत आल्यावर कटर उरलेलें काम भलत्याच जागीं करूं लागतो. म्हणून यूपीएस देणें तर मोटरींच्या वीजपुरवठ्यावर एक रिले बसवून, ती वीज जातांच नियंत्रकाला ‘थांब’ असा संदेश पोंचेल अशी जोडणी केलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक भयंकर. जुना साधा स्क्रू घर्षणामुळें आपल्या जागीं अडून राहतो. बॉलस्क्रूत घर्षण अत्यल्प. त्यामुळें वीज जातांच मोटरीची पकड सुटते आणि कटर धरणारें जड डोकें आपल्या वजनानें खालीं घसरतें. तेवढ्यांत कोणाचा हात तेथें असला तर? वर-खालच्या दिशेस प्रतिभार लावणें, गॅसचा स्प्रिंग बसविणें, किंवा त्या एका दिशेपुरता जुनाच स्क्रू ठेवणें, हे तिन्ही मार्ग वापरांत आहेत. जेथें विजेचा भरंवसा नाहीं तेथें शेवटचा मार्ग शहाणपणाचा.

अर्धवट राहिलेलें काम पुन्हां जोडून घेण्यासाठीं प्रत्येक दिशेच्या टोकास एक लहान स्विच बसवितात. वीज आल्यावर मेज त्या स्विचाला जाऊन टेकतें आणि आपली शून्याची जागा शोधतें. कामाचें केंद्र त्या शून्यापासून किती अंतरावर आहे हें आरंभींच वहींत टिपलेलें असेल, तर बिघडलेलें काम वांचतें. नाहीं तर तें मोडींत जातें.

दमट हवेचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यांत यंत्राचे सरकते पृष्ठभाग तेलाच्या फडक्यानें रोज पुसावे आणि वर सुती कापड घालावें. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीं ओल कोंडून गंज लवकर चढतो. ड्रायव्हर असलेली पेटी बंद हवी, कारण लोखंडाचा कीस विजेच्या जोडावर पडल्यास क्षणांत सारें जळतें. पण बंद पेटी तापते, म्हणून तिला जाळीचा पंखा लागतो. आणि वीज चालूं असतां मोटरीची तार ड्रायव्हरपासून कधींहि सोडूं नये. ही चूक एकदां करणारा पुन्हां करीत नाहीं, कारण त्याला नवा ड्रायव्हर विकत आणावा लागलेला असतो.

खेड्यांत असलीं यंत्रें टिकतील काय, असें विचारणारांनीं पुणें जिल्ह्यांतील पाबळकडे पाहावें. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें विज्ञान आश्रम स्थापिला आणि शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांच्या हातीं हत्यारें दिलीं. अमेरिकेंतील त्याच मॅसॅच्युसेट्स संस्थेच्या सहकार्यानें २००२ मध्यें तेथें संगणकावर चालणाऱ्या हत्यारांची फॅब लॅब उभी राहिली. त्या देशाबाहेरील अशा अगदीं आरंभींच्या कार्यशाळांत तिची गणना होते. हातपंपाची गोष्टहि अशीच आहे. गांवोगांव दिसणारा इंडिया मार्क दोन हा पंप १९७० नंतरच्या दशकांत सिद्ध झाला, आणि त्याच्या मागें जालना व सोलापूर येथें घडलेल्या पंपांचा अनुभव होता. त्याचें यश सर्वत्र एकाच मापाच्या भागांत आहे. भामरागडांत घडलेला बुश त्या मापाचा नसेल, तर तो कितीहि चकचकीत असला तरी निरुपयोगी.

आणि म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एकुलता एक बुश किंवा एकच खांच करावयाची असेल तर हातचाक संगणकाहून लवकर काम उरकतें. संगणकाचा लाभ एकाच मापाचे वीस भाग, बोल्टांच्या भोकांचें वर्तुळ किंवा वक्र कडा यांत आहे. त्यासाठीं दोन्ही टोकांस दांडा असलेल्या मोटरी घ्याव्या; एक टोक स्क्रूला जोडलें जातें आणि दुसऱ्या टोकावर जुनें हातचाक तसेंच बसतें. नियंत्रक पुराच्या दिवसांत जळाला तरी, कटर फिरविण्यापुरती वीज असेपर्यंत यंत्र बंद पडत नाहीं. फक्त मोटरींची वीज बंद केल्यावांचून तें चाक हातीं धरूं नये. मिलिमीटरमागचे स्पंद, प्रत्येक दिशेचा मोजलेला प्ले, मोटर न अडखळतां पेललेला वेग आणि तारांचे रंग हें सारें एका कागदावर लिहून पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवितात; पेनानें नव्हे, पेन्सिलीनें, कारण दमट हवेंत शाई पसरते.