न पाहिलेल्या सम्राज्ञीचे चित्र

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात चित्रकार टिशियनने १५४८ साली रंगवलेले सम्राज्ञी इझाबेलाचे व्यक्तिचित्र आहे. ती खिडकीशी बसली आहे, बाहेर दूरवर डोंगर दिसतात. अंगावर भरजरी पोशाख, गळ्यात मोत्यांचे सर, हातात उघडे पुस्तक. नजर पुस्तकात नाही आणि आपल्याकडेही नाही. हे चित्र झाले तेव्हा तिला जाऊन नऊ वर्षे लोटली होती, आणि टिशियनने तिला हयातीत एकदाही पाहिले नव्हते.

इझाबेला ही पोर्तुगालचा राजा मानुएल याची मुलगी, १५०३ साली लिस्बनमध्ये जन्मलेली. ती सात वर्षांची असताना पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने तिच्या वडिलांसाठी गोवा जिंकले. मार्च १५२६ मध्ये सेव्हिल येथे तिचे लग्न सम्राट पाचव्या चार्ल्सशी झाले. दोघे सख्खी मावसभावंडे, त्यामुळे पोपची परवानगी घ्यावी लागली. चार्ल्सला लढायांसाठी पैसा हवा होता आणि पोर्तुगालचा हुंडा घसघशीत होता. व्यवहार म्हणून जुळलेल्या या लग्नात पुढे खरी माया निर्माण झाली. त्या वर्षीचा उन्हाळा दोघांनी ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात काढला. पुढच्या वर्षी वायादोलिदला फिलिपचा जन्म झाला.

चार्ल्सचे साम्राज्य युरोपभर पसरलेले होते. तो वर्षानुवर्षे बाहेर असे आणि त्याच्या मागे स्पेनचा कारभार इझाबेला पाहत असे. पहिल्याच मोठ्या खेपेला, १५२९ ते १५३३ अशी चार वर्षे, राज्याची सूत्रे तिच्या हाती होती. मंत्रिमंडळाच्या सल्लामसलती, समुद्री चाचा बार्बरोसाच्या आरमारापासून किनाऱ्याचे रक्षण, पैशांची तजवीज, हे सारे तिच्याकडे होते. २६ जुलै १५२९ रोजी टोलेडो येथे फ्रान्सिस्को पिझारोला पेरू जिंकण्याचा अधिकार देणारा करार झाला, त्यावर सही तिचीच आहे. पेरूतल्या इंका लोकांच्या वाट्याला पुढे जे आले, त्याच्या कागदपत्रांत तिचे नाव आहे. तिच्याविषयी कितीही आपुलकी वाटली तरी हे विसरता येत नाही.

याच काळात बाळंतपणेही चालू होती. फिलिप, मारिया आणि हुआना एवढीच मुले जगली. १ मे १५३९ रोजी टोलेडोला, बाळंतपणानंतर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती गेली. तिचे पार्थिव ग्रानाडाला नेण्याचे काम दरबारातल्या फ्रान्सिस बोर्जियाकडे होते. तोच पुढे जेझुइट संघाचा प्रमुख झाला. चार्ल्सने दुसरे लग्न केले नाही.

त्याच्याजवळ तिचे मनासारखे चित्रही नव्हते. म्हणून त्याने टिशियनला तिचे एक जुने, दुसऱ्या कुणी काढलेले चित्र नमुन्यादाखल दिले. टिशियनने त्यावरून केलेले पहिले चित्र सम्राटाला आवडले, फक्त नाक नीट करायला त्याने सांगितले. ते चित्र १६०४ साली एल पार्दो राजवाड्याच्या आगीत गेले. प्रादोतले चित्र त्यानंतरचे, टिशियनच्या ऑग्सबर्गच्या मुक्कामातले. नवऱ्याची आठवण आणि कुणा एका चित्रकाराची बेताची कारागिरी, एवढ्या सामग्रीवर टिशियनने हा चेहरा उभा केला. चित्रकार म्हणून हे अफाट यश आहे. पण त्या शांत मुखावर राज्य चालवणाऱ्या बाईची खूण शोधूनही सापडत नाही. सम्राटाला हवी होती ती प्रिय पत्नी, आणि तीच त्याला मिळाली. पदत्याग केल्यावर युस्तेच्या मठात तो राहायला गेला तेव्हा तिची चित्रे त्याच्यासोबत होती. १५५८ मध्ये तिथेच त्याने प्राण सोडला.

कारभार करणारी इझाबेला पाहायची तर तिच्या पत्रव्यवहाराकडे वळावे लागते. तिचे माहेर मृत्यूनंतरही कामी आले, ते वारसाहक्काच्या रूपाने. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली तेव्हा फिलिपने आईच्या रक्ताच्या नात्याने त्या गादीवर हक्क सांगितला आणि सैन्याच्या बळावर तो खरा केला. १५८१ मध्ये तोमारच्या सभेने त्याला राजा मानले. त्यामुळे १६४० पर्यंत गोव्याचे राज्यकर्ते इझाबेलाचे वंशज होते: तिचा मुलगा, नातू आणि पणतू.