रुतलेले चाकच गाडी ओढते

हुगळीतून आलेले जहाज कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत थेट धक्क्याला लागत नाही. नदीला भरती-ओहोटी आहे. म्हणून १८९२ मध्ये सुरू झालेल्या या गोदीतले पाणी लॉकच्या दरवाजांनी अडवून एका पातळीवर ठेवतात, आणि जहाज लॉकच्या अरुंद वाटेतून आत घेतात. अशा वाटेत जहाज दोरांनी ओढून सरकवायचे, तर काठावरचा कॅपस्टन कामाला येतो. हा यंत्राने फिरणारा उभा लोखंडी खुंट. त्याला दोराचे तीन वेढे द्यायचे आणि सुटे टोक एकाने हातात ताणून धरायचे. खुंट फिरला की जहाज हलते.

एका माणसाच्या हाताला एवढा भार पेलतो कसा? याचे गणित गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच मांडले. दोर आणि लोखंड यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने ताण साडेसहापट होतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी २८५ पट. हातात दहा किलोंचा ताण असला, तर पलीकडे पावणेतीन टनांहून जास्त ओढ पेलते.

हेच तत्त्व चिखलात रुतलेल्या गाडीलाही बाहेर काढते, आणि त्यासाठी खुंट शोधायला लांब जावे लागत नाही. जे चाक जागच्या जागी भिरभिरत असते, तोच खुंट.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे सामान याच कोलकात्याच्या गोद्यांत उतरत होते.  सामान आसामकडे जात होते, आणि आसामातून चीनकडे जाणारा लेडो रस्ता डोंगर-चिखलातून खोदला जात होता. त्या रस्त्याने पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजी निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. त्या काळच्या अमेरिकी सैन्याचा मुख्य भारवाहक म्हणजे अडीच टनी जीएमसी ट्रक. काही ट्रकांच्या तोंडाशी सुमारे साडेचार टन ओढणारी विंच, म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र, होती, पण सगळ्यांना नव्हती. मागची जोडचाके मात्र बहुतेकांना होती. पुढे अमेरिकी लष्कराच्या वाहन सोडवण्याच्या पुस्तिकांत याच जोडचाकांची युक्ती सांगितलेली आढळते. दोराचे एक टोक चाकाच्या हबला बांधा, दोर दोन टायरांच्या फटीतून काढा, दुसरे टोक झाडाला अडकवा आणि गिअर टाका. विहिरीच्या रहाटासारखा दोर त्या फटीत गुंडाळला जातो आणि ट्रक पुढे सरकतो.

जीपला जोडचाके नसतात. म्हणून चाकाच्या नटांवर बसवायचा छोटा ड्रम आला. ऑस्ट्रेलियात ‘बुश विंच’ नावाने अशी जोडणी मिळते. तिची ताकद त्रिज्येत आहे. टायरचा व्यास ७२ सेंटिमीटर आणि ड्रमचा २४ धरा. एका फेऱ्यात टायरचा परीघ सव्वादोन मीटर फिरतो, पण दोर गुंडाळला जातो जेमतेम ७५ सेंटिमीटर. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, ओढ तिप्पट होते. दोर ड्रमच्या खालच्या बाजूने आत येतो, त्यामुळे पुढच्या झाडाला बांधला तर पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे येते आणि मागच्या झाडाला बांधला तर रिव्हर्समध्ये मागे. बंपरवरची नेहमीची विंच बहुधा पुढेच ओढते. शिवाय पूर्ण भाराखाली ती बॅटरीतून चारशे अँपिअरच्या घरात प्रवाह खेचते. चाकावरच्या ड्रमला इंजिन पुरते.

मेख आहे ती इंजिनाचा जोर आसाच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. ड्रम एकाच चाकावर असेल, तर दुसरे चाक राबडीत मोकळे फिरते आणि दोराच्या वाट्याला फारसे काही येत नाही. म्हणून ड्रम एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर लावतात. मग दोन्ही दोर सारखे ताणले जातात आणि गाडी तिरकी होत नाही.

ओढ किती लागेल याचा लष्करी अंदाज सोपा आहे. टायर चिखलात गेले असतील तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत चिखल असेल तर दुप्पट. पावणेदोन टनांच्या थार जीपला दुसऱ्या स्थितीत साडेतीन टन. लो गिअरमधले इंजिन त्याहून कितीतरी जास्त जोर काढू शकते आणि धोका तिथेच आहे. ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी उसळते. म्हणून तिच्यावर ओले गोणपाट टाकतात आणि माणसांना लांब उभे करतात. कृत्रिम धाग्याचा दोर हलका आणि कमी घातक, पण गुळगुळीत. ड्रमवर त्याचे आठेक वेढे ठेवावे लागतात. झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा गुंडाळतात, नाहीतर साल कापली जाते.

गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा भरते. तिथल्या घळींत स्पर्धकांची भिस्त बंपरवरच्या विंचवर असते, कारण घड्याळ चालू असते आणि दोर सोडून अडकवायला काही मिनिटे पुरतात. चाकावरचा ड्रम गाडी रुतल्यावर बसवायचा म्हटले, तर नट बऱ्याचदा चिखलाखाली गेलेले असतात. त्यामुळे तो वापरणारे लोक ड्रमचा अडॅप्टर घरूनच नटांवर बसवून निघतात. शिवाय टायरला पकड मिळताच गाडी दोरापेक्षा वेगाने पळते आणि ढिला दोर चाकात गुरफटतो. त्या क्षणी क्लच दाबायला सांगणारा एक माणूस बाहेर उभा ठेवतात.