बुळकांडी गेली, गोवर का राहिला?

2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मालेगावात गोवराची साथ आली. मुंबईत गोवंडी आणि तिकडे भिवंडी ही ठिकाणंही त्याच सुमारास साथीच्या बातम्यांत होती. राज्य सरकारला 15 डिसेंबरपासून विशेष लसीकरण मोहीम हाती घ्यावी लागली आणि साथीच्या भागात नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळांनाही जादा डोस देण्याचं ठरलं. गोवराची लस सरकारी लसीकरणात 1985 पासून आहे, ती फुकट मिळते आणि उत्तम काम करते. 2018 च्या नोव्हेंबरात तर नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राज्यभर गोवर-रुबेलाची मोठी मोहीमही झाली होती. तरी चार वर्षांत साथ परतली. गोवराचाच सख्खा नातलग असलेला गुरांचा बुळकांडी रोग मात्र 2011 मध्ये जगातून कायमचा गेला. एक गेला आणि दुसरा का राहिला, या प्रश्नाचं उत्तर लसीच्या बाटलीत शोधून सापडणार नाही. लसीकरण झालं की नाही हे आपण कोणत्या पातळीवर मोजतो, तिथे ते आहे.

आधी या दोघांचं नातं पाहू. गोवर, बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे सगळे एकाच कुळातले विषाणू. बर्लिनमध्ये 1912 साली गोवराने दगावलेल्या एका मुलीचं फुफ्फुस फॉर्मॅलिनमध्ये जतन करून ठेवलेलं होतं. शास्त्रज्ञांनी त्यातला विषाणू वाचून 2020 मध्ये निष्कर्ष काढला, की गोवर आणि बुळकांडी यांची वाट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास वेगळी झाली असावी. नेमक्या याच काळात जगात मोठी नगरं उभी राहत होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गोवर एकदा झाला की माणूस जन्मभर सुरक्षित राहतो, त्यामुळे या विषाणूला टिकून राहायला सतत नवी बाळं लागतात. अडीच ते पाच लाखांची सलग वस्ती असेल तर तो तिथे कायमचा मुक्काम करू शकतो. 2011 च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि शहर विलक्षण दाटीचं आहे. मालेगावकर काही चुकले म्हणून तिथे साथ आली असं मानणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा.

बुळकांडीचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे. या रोगावर संशोधन करण्यासाठी इंग्रज सरकारने 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली. पुढे ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. मुक्तेश्वरला एडवर्ड्स या संशोधकाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला आणि गुरांसाठी लस तयार केली. स्वतंत्र भारताने 1954 मध्ये देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. जास्तीत जास्त जनावरं टोचायची, हे सुरुवातीचं धोरण. त्याने साथी झपाट्याने कमी झाल्या, पण बुळकांडी संपली नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत ती दशकानुदशकं धुमसत राहिली, कारण एकूण आकडा भरला तरी काही कळप, काही बाजार आणि जनावरांच्या ने-आणीचे काही मार्ग सुटतच होते. शेवटी कामाची दिशा बदलली. रोग नेमका कुठे लपला आहे हे शोधायचं, तिथेच नेटाने लस द्यायची, नंतर लस थांबवायची आणि रक्त तपासून विषाणू खरोखर उरला आहे का ते पाहायचं. 1995 मध्ये तामिळनाडूत देशातला शेवटचा उद्रेक झाला आणि 2006 मध्ये देश संसर्गमुक्त ठरला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गुरं दावणीला बांधलेली असतात, माणसांचं तसं नसतं. मग ही तुलना कशी चालेल? फरक आहेच, आणि खरा फरक विषाणूच्या संसर्गशक्तीत आहे. गोवराचा एक रोगी, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना रोग देतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेतून लागण होऊ शकते, आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो रोग वाटत असतो. बुळकांडी एवढी वेगवान नव्हती. पण दोघांचे कच्चे दुवे तेच आहेत. विषाणूचा एकच प्रकार, बऱ्या झालेल्याच्या शरीरात तो दडून राहत नाही आणि लसीचं संरक्षण दीर्घकाळ टिकतं. गुरांच्याच लाळ्या-खुरकुत रोगाचं असं नाही. त्याचे प्रकार अनेक आणि लसीचं संरक्षण अल्पकाळाचं, म्हणून ती दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. त्या मानाने गोवर हा संपवता येण्याजोगा शत्रू आहे.

मग किती मुलांना लस द्यायला हवी? एका रोग्याच्या वाटेत येणाऱ्या पंधरांपैकी चौदा जण सुरक्षित असतील, तरच साथ फैलावत नाही. हे प्रमाण 93 टक्के झालं; व्यवहारात 95 धरतात. आता समजा, एका भागात दरवर्षी 1000 बाळं जन्मतात, त्यातल्या 900 जणांना दोन्ही डोस मिळतात आणि दोन डोसांनी 97 टक्के मुलं सुरक्षित होतात. म्हणजे 873 सुरक्षित आणि 127 उघडी. पाच वर्षांत ही उघडी मुलं 635 होतात. त्यातली 500 लस न घेतलेली, तर 135 जणांनी लस घेऊनही त्यांना संरक्षण न मिळालेलं. साथ आली की लोक या 135 कडे बोट दाखवून विचारतात, ‘लस घेतलेल्यांनाही गोवर झालाच ना?’ झाला, पण ती 4500 लसवंतांमधली 135 आहेत. लस न घेतलेली 500 च्या 500 मुलं उघडी होती.

हा हिशेबही सरासरीचा आहे, आणि सरासरीच घात करते. सारख्या लोकसंख्येच्या वीस वॉर्डांपैकी एकोणीस वॉर्डांत लसीकरण 95 टक्के आणि एकात 60 टक्के असेल, तर शहराचा आकडा 93 च्या वर जातो. कागदावर सगळं ठीक दिसतं. विषाणू मात्र त्या विसाव्या वॉर्डातच शिरतो, कारण लस न घेतलेली मुलं एकाच गल्लीत, एकाच मदरशात, एकाच खोलीत भेटतात. जिल्ह्याचा एकच आकडा जाहीर करून समाधान मानणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

गोवर येतो आणि जातो, त्यात काय मोठंसं, ही समजूत अजून घट्ट आहे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून आई वाट पाहत बसते, आणि बहुतेक मुलं बरी होतातही. पण न्यूमोनिया, जुलाब, ‘अ’ जीवनसत्त्व ओसरून जाणारी दृष्टी हे गोवराचेच परिणाम आहेत. शिवाय 2019 मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवर शरीराची स्मृतीच पुसतो, आणि मूल नंतर भलत्याच आजाराने दगावलं तर गोवराचं नाव कुठेच नोंदलं जात नाही. लसीने ताप येतो, अंगावर थोडं पुरळ येतं, हे खरं आहे. ते पालकांना आधीच सांगायला हवं. लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होते ही भीती मात्र निराधार आहे. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा माग काढून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा काहीही संबंध आढळला नाही.

नकार देणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. मालेगावात पोलिओच्या काळातही डोस नाकारले गेले, वंध्यत्वाच्या अफवा पसरल्या, आणि त्यावर पोलिसी धाकाने तोडगा निघाला नसता. वस्तीतले डॉक्टर, मौलाना आणि घरोघर पुन्हापुन्हा जाणाऱ्या कार्यकर्त्या यांच्यामुळे दारं उघडली. शिवाय प्रत्येक सुटलेलं मूल म्हणजे नकार नव्हे. यंत्रमागावर पाळ्यांत काम करणाऱ्या आई-बापाला मंगळवारी सकाळी अकराचं सत्र कसं जमेल? तिथे माग शुक्रवारी बंद असतात. सत्रांचा दिवस आणि वेळ त्यावर बेतायला हवी.

दुसरी अडचण बाटलीची. गोवर-रुबेलाची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. सोबतच्या द्रावणात ती मिसळली की परिचारिका बाटलीवर वेळ लिहिते, कारण चार तासांनंतर उरलेली लस फेकूनच द्यावी लागते. दहा डोसांची बाटली आणि समोर एकच बाळ अशी वेळ आली की ‘पुढच्या सत्राला या’ असं सांगण्याचा मोह होतो, आणि ते बाळ कदाचित परत येतच नाही. नऊ डोस वाया गेले तरी चालतील, बाटली उघडा, अशी स्पष्ट मुभा खालपर्यंत पोचली पाहिजे, आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब परिचारिकेला विचारला जाता कामा नये. लस दारापर्यंत नेता येते हे बुळकांडीनेच दाखवलं: तिच्या शेवटच्या टप्प्यात आफ्रिकेत फ्रीजबाहेर महिनाभर टिकणारी लस वापरली गेली. ती पाठीवर घेऊन गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते दूरच्या कळपांपर्यंत चालत गेले.

शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरचं निर्मूलन 2030 पर्यंत करायचं जगाने ठरवलं आहे. चराईसाठी मुलूख बदलणाऱ्या मेंढपाळांचे कळप त्यात गाठावेच लागतील, आणि ते गावच्या दवाखान्यातल्या नोंदवहीत सापडणार नाहीत. त्यांच्या वाटेवरच जाऊन उभं राहावं लागेल. गोवराचं तेच आहे. लसीकरणाचा आकडा वॉर्डनिहाय, वयानुसार आणि दुसऱ्या डोसासकट दर तिमाहीला जाहीर करणं मालेगावपासून सुरू करता येईल. त्यासाठी नवी लस लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही.