गोळीने शिंका थांबतात, अ‍ॅलर्जी नाही

"डॉक्टर, सेट्रिझिन घेतली की शिंका थांबतात, पण रात्री छाती वाजते ती काही थांबत नाही." धान्याच्या गोदामात हमाली करणारे एक गृहस्थ ओपीडीत सांगत होते. तीन महिने ते मेडिकलमधून गोळी आणून रोज घेत होते. गोळी चुकीची नव्हती, तिच्याकडून ठेवलेली अपेक्षा चुकीची होती.

आपल्या त्वचेत, नाकाच्या आणि श्वासनलिकांच्या अस्तरात 'मास्ट सेल' नावाच्या पेशी असतात. त्या बारीक कणांनी गच्च भरलेल्या असतात आणि या कणांत हिस्टामिन साठवलेले असते. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर 'आयजीई' ही प्रतिपिंडे चिकटलेली असतात. धूळ किंवा परागकण त्यांना येऊन भिडले, की काही मिनिटांतच हिस्टामिन बाहेर पडते. ते मज्जातंतूंवरच्या आणि रक्तवाहिन्यांवरच्या 'एच-१' या ग्राहींवर जाऊन बसते. मग खाज सुटते, शिंका येतात, नाक गळते, अंगावर गांधी उठतात. आपण त्याला 'पित्त उठले' म्हणतो, पण पोटातल्या पित्ताशी त्याचा संबंध नसतो.

अँटीहिस्टामिनची गोळी नेमकी हीच ग्राहींची जागा अडवते. हिस्टामिन तयार असते, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. मास्ट सेल मात्र जवळजवळ पूर्वीसारखीच चिडलेली राहते. काही अँटीहिस्टामिन जास्त मात्रेत या पेशींनाही थोडे शांत करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. नेहमीच्या एका गोळीकडून मात्र तेवढी अपेक्षा धरता येत नाही.

शिवाय मास्ट सेल फक्त हिस्टामिन सोडत नाही. श्वासनलिका आवळणारे ल्युकोट्राइन ती सोडते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारे संदेशही पाठवते. या पेशी काही तासांनी जमतात आणि सूज टिकवून धरतात. दम्याचे मूळ या सुजेत असते. तिच्यासाठी इनहेलरमधून घ्यायचे स्टेरॉइड लागते, अँटीहिस्टामिन तिथे पुरे पडत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सीपीएमसारख्या जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात आणि झोप आणतात. त्या घेऊन वाहन चालवू नका. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. मधमाशी चावल्यावर, एखादा पदार्थ खाल्ल्यावर किंवा औषध घेतल्यावर जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली, तर गोळीची वाट बघत बसू नका. तिथे मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. ताबडतोब रुग्णालय गाठा.

त्या गृहस्थांची फुंकर-चाचणी केली. दमाच निघाला. इनहेलर कसा ओढायचा ते समोर बसवून शिकवले, कामावर तोंडाला मास्क बांधायला सांगितला. "मग गोळी बंद करू?" त्यांनी विचारले. म्हटले, "शिंकांसाठी लागली तर घ्या. छातीसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका."